एकतीस पट्ट्यांचं पिंप

व्यंकटी सुताराला चौकोनी काम मनापासून कधी आवडलं नाही. आणि नशिबाचा खेळ असा, की ऐन उमेदीत त्याला चौकोनीच कामं करावी लागली.

तो मूळचा शिरूर अनंतपाळचा. बाप बैलगाड्यांची चाकं करायचा. मिसरूड फुटायच्या आत व्यंकटीही चाकाला हात लावू लागला. पुढं बापानं त्याला उदगीरकडच्या रेवणप्पा नावाच्या म्हाताऱ्या कारागिराकडं ठेवलं. तिथं तीन वर्षं राहून तो धाव चढवायला शिकला. धाव म्हणजे लाकडी चाकावरचा लोखंडी पट्टा. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर घालायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत भसाभस पाणी ओतायचं. लोखंड आवळतं, आरे मधल्या तुंब्यात कचकन बसतात आणि इतका वेळ वेगवेगळे असलेले लाकडाचे तुकडे एकजीव होतात. धाव जराशी मोठी झाली तर चाक खुळखुळतं, जराशी लहान झाली तर आरे मोडतात. रेवणप्पा मोजपट्टी वापरत नसे. चाकाभोवती दोरी फिरवायचा, डोळे मिटायचा आणि कानडीत काहीतरी पुटपुटून लोखंडावर खूण करायचा. ती खूण कधी चुकली नाही. व्यंकटीनं कानडी फारसं उचललं नाही, पण खूण करायची नजर बरोबर उचलली.

बहात्तरच्या दुष्काळानं ती नजर बिनकामाची केली. लोकांनी बैल विकले, उरलेले चाऱ्यापायी गेले, गाड्या दारात उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. व्यंकटी आणि त्याची बायको धुरपताबाई दोन उन्हाळे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. पुढं पाऊसपाणी झालं, बैलही आले, पण गावोगाव टायरच्या गाड्या दिसू लागल्या. टायरला सुतार लागत नाही, पंप लागतो.

मग ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हटल्यावर नवी हापिसं आली, हापिसं आली की साहेब आले, आणि साहेब काही जमिनीवर बसत नाहीत. टेबलं, खुर्च्या, बाकडी, फायलींच्या मांडण्या, सगळं एकदमच हवं झालं. व्यंकटीनं हत्यारं पोत्यात बांधली, धुरपताबाईनं भांडी बांधली, आणि दोघं लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागल्या एका गल्लीत पत्र्याच्या दुकानात येऊन राहिले. पुढं दुकान, मागं चूल. काम दांडगं मिळालं. पोटाची फिकीर मिटली. तरी रात्रीच्या भाकरीला बसला की तो धुरपताबाईला सांगायचा, या नव्या हापिसांत गोल म्हणावं असं काही न्हाईच. शिक्का तेवढा गोल हाय, आन तोबी रबराचा.

जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. पाऊस सलग दोन साल हुकला होता आणि लातूरच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. जानेवारीतल्या एका दुपारी दुकानापुढं जीप उभी राहिली. तीतून हणमंतराव उतरले. औशाच्या रस्त्याला त्यांची द्राक्षाची मोठी बाग होती. त्यांच्याबरोबर तिशीतली एक बाई होती, सुती साडी, खांद्याला पिशवी. ती पंचशीला, लातूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. माहेर बिलोलीकडचं. बापानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि तेव्हापासून मजुरीतला पैसा पोरीच्या पुस्तकांत घातला. औरंगाबादला राहून ती शिकली होती, आणि रस आंबतो कसा यावरच तिनं अभ्यास केला होता.

जीपमागच्या ट्रॉलीत लाकडाचा एक भारा होता. त्याची हकिगत हणमंतरावांनी सांगितली ती अशी. दोन वर्षांमागं काही बागायतदारांबरोबर ते युरोपात द्राक्षाच्या जाती बघायला गेले होते. फ्रान्सच्या एका थंड मुलखात त्यांनी टेकडीच्या उतारावर वेली पाहिल्या. तिथं वसंतातही दव गोठतं, आणि कोवळे कोंब करपू नयेत म्हणून माणसं बागेत रांगेनं शेगड्या पेटवतात. आपण उन्हाला भिऊन वेलीला सावली करतो आणि हे थंडीला भिऊन जाळ करतात, याचं त्यांना फार नवल वाटलं. तिथल्या शेतकऱ्यानं त्यांना तळघरात नेलं आणि वर्षभर ओकच्या पिंपात मुरलेली पांढरी वाईन घोटभर दिली. नाव पांढरी, पण रंग ज्वारीच्या ताज्या कडब्यासारखा. आधी लोण्याचा वास, मग भाजलेल्या बदामाचा, आणि शेवटी जिभेच्या कडेला लिंबाची धार. हणमंतराव काही पिणारे नव्हते, पण तो घोट त्यांच्या डोक्यातून उतरेना. हे कसं होतं, असं विचारल्यावर शेतकरी म्हणाला होता, अर्धं थंडी करते आणि अर्धं लाकूड करतं.

थंडी तर आणता येत नव्हती. म्हणून हणमंतरावांनी लाकूड मागवलं. प्रयोगापुरता परवाना काढण्यात दीड वर्ष गेलं, आणि परवाना हातात आला त्याच महिन्यात पिंपही आलं. पण बोटीत जागा कमी लागावी म्हणून ते सुटं करून पाठवलेलं. एकतीस वाकड्या पट्ट्या, आठ लोखंडी कडी, आणि दोन्हीकडच्या झाकणांचे तुकडे. मोठ्या फर्निचरवाल्यांनी बघून हात वर केले होते. एकानं तर सांगितलं, की मालक, तुम्हाला फसवलं, लाकूड आतून जळालेलं आहे.

व्यंकटीनं एक पट्टी उचलली. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, कडा तिरक्या तासलेल्या. एक बाजू कोळशागत काळी. त्यानं ती नाकाला लावली आणि नखानं खरवडली.

मग म्हणाला, "जळालं न्हाई मालक, भाजलंय. लाकूड भाजल्याबिगर वाकत न्हाई."

पंचशीलाच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा हसू आलं. तिनं सांगितलं, मामा, तो भाजल्याचा वासच वाईनमध्ये उतरतो, म्हणून आतली बाजू तासायची नाही. खिळा नको, सरस नको, राळ नको, डांबर तर बिलकूल नको. वास येणारं काहीही चालणार नाही. आणि थेंबही गळता कामा नये.

एवढ्या अटी ऐकून दुसरा सुतार उठून गेला असता. व्यंकटीनं फक्त आठ दिवस मागितले. जीप गेल्यावर त्यानं तहसील कचेरीच्या अर्ध्या झालेल्या मांडण्या उचलून भिंतीशी लावल्या आणि मधली जागा मोकळी केली. धुरपताबाई दारात उभी राहून बघत होती. नवऱ्याच्या हालचालीत असा उजेड तिनं शिरूर सोडल्यापासून पाहिला नव्हता.

पहिला दिवस फुकट गेला. पट्ट्या एका कड्यात उभ्या केल्या की शेवटच्या दोन बसेनात, आणि ठोकून बसवाव्या तर सगळा डोलारा पत्त्यांच्या बंगल्यागत धाडदिशी पडे. असा तो चार वेळा पडला. प्रत्येक पट्टीची रुंदी निराळी होती, आणि कोणती कुणाच्या शेजारची ते काही कळत नव्हतं. खडूनं लिहिलेले आकडे वाटेतच पुसून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पट्ट्या काळी बाजू वर करून अंगणात ओळीनं मांडल्या आणि उकिडवा बसून नुसता बघत राहिला. भाकरी सगळीकडं सारखी भाजत नाही, कुठं डाग पडतो, कुठं फोड येतो. तसंच ते होतं. पिंप अख्खं असताना आत जाळ केलेला, तेव्हा एका पट्टीवरचा काळा डाग जिथं तुटत होता तिथून तो दुसऱ्या कुठल्यातरी पट्टीवर पुढं गेलेला असणार. मग काय, जाळाच्या खुणा जुळवत जुळवत त्यानं दुपारपर्यंत एकतीसच्या एकतीस पट्ट्या क्रमानं लावल्या. शेवटची पट्टी पहिलीला येऊन मिळाली तेव्हा तो एकटाच मोठ्यानं हसला. शेजारची नागुबाई काय झालं म्हणून डोकावून गेली.

पुढचं काम त्याच्या ओळखीचं होतं. खालचं टोक कड्यात, वरचं टोक फुलासारखं उमललेलं. त्यानं वर दोरीचा वेढा घातला, दोरीत दांडा अडकवून पीळ देत गेला, आत लाकडाच्या ढलप्यांचा मंद जाळ ठेवला आणि बाहेरून ओलं फडकं फिरवत राहिला. लाकूड कुरकुरलं, मग नरमलं, मग आलं. कडी ठोकून बसवली. राहिली झाकणं. ती ज्या खाचेत बसतात तिथं पट्ट्यांच्या टोकांमधून बारीक फट राहत होती. राळ भरायची सोय नव्हती. व्यंकटी तिथं अडला.

धुरपताबाईनं पीठ मळता मळता त्याचं पुटपुटणं ऐकलं. ती म्हणाली, ज्वारीच्या पिठाची खळ घाला की. पतंगाला चालती, सुताला चालती, लाकडाला कामून चालणार न्हाई? व्यंकटीनं ते हसण्यावारी नेलं. पण संध्याकाळी पंचशीला बघायला आली आणि तिला सांगितलं, तर ती गंभीरपणे म्हणाली, मामी, तिकडचे लोक नेमकं हेच करतात, फक्त गव्हाचं पीठ वापरतात. त्या दिवसापासून धुरपताबाई पिंपाच्या कामात हक्कानं बोलू लागली.

आता राहिलं होतं पाणी. सुकं लाकूड कितीही आवळलं तरी गळतंच. ते भरून ठेवावं लागतं, म्हणजे पट्ट्या फुगतात आणि एकमेकींना धरतात. पिंपाला सव्वादोनशे लिटर पाणी हवं होतं, आणि गल्लीला आठवड्याचं पाणी टँकरनं मिळत होतं. हणमंतरावांच्या विहिरीनं तर केव्हाच तळ दाखवला होता. बाग जगवायला तेही टँकरच आणत होते. प्यायच्या पाण्यानं दारूचं पिंप धुवायचं, अशी गल्लीत कुजबूज सुरू झाली. व्यंकटीला ती पटत होती, म्हणून तो जास्तच कानकोंडा झाला.

तोड धुरपताबाईनंच काढली. पाणी वाया कुठं जाणार हाय, तिनं गल्लीतल्या बायांना सांगितलं. आज टँकर आला की ज्यानं त्यानं आपल्या दोन घागरी या पिंपात ठेवायच्या, आणि उद्या सकाळी दोन घागरी घेऊन जायच्या. पिंप म्हंजे गल्लीचा रांजण समजा.

पंचशीलाही त्या दिवशी आपल्या खोलीवरून पाण्याची कळशी घेऊन आली होती. ती ओतायला पुढं झाली तशी दोन-तीन घागरी जागच्या जागी थबकल्या. ते दिवसच तसे होते. आठ-नऊ वर्षांमागं मराठवाड्यात जातीच्या दंगलीत बरंच काही जळून गेलं होतं आणि अजूनही माणसं तोंडानं कमी, नजरेनं जास्त बोलत होती. नागुबाईनं तेवढं हळूच विचारलं, की सगळ्यांचं एकातच का?

धुरपताबाईनं पंचशीलाच्या हातातली कळशी घेतली आणि सगळ्यांच्या आधी ती पिंपात उपडी केली.

"टँकरमदी काय येगळं येगळं हुतं?" ती म्हणाली.

नागुबाईच पुढं झाली, आणि मग घागरीमागून घागर रिकामी होऊ लागली. पंचशीला पदर खोचून पिंपाच्या तोंडात लावलेलं नरसाळं धरून बसली होती. पिंप सुरुवातीला वीस ठिकाणांहून पाझरलं. बायांनी खाली परात, घमेली, पातेली लावली आणि गळलेलं पाणी परत वरून ओतलं. दिवेलागणीला विसाचे सात पाझर झाले, जेवणं आटोपेपर्यंत दोन, आणि सकाळी व्यंकटीनं पिंपाभोवती हात फिरवला तर हात कोरडा.

गल्लीनं आपापलं पाणी परत नेलं. पाणी जरा पिवळसर झालं होतं आणि त्याला भाजल्या खोबऱ्याचा वास येत होता. त्या दिवशी सगळ्या घरांत चहाला तोच वास. काहींनी तोंडं वाकडी केली. नागुबाईच्या सासऱ्यानं मात्र दुपारी पुन्हा निरोप पाठवला, की त्या पिंपातलं आणखी हाय का. पंचशीलाचाही त्यात फायदाच होता. नव्या लाकडाचा पहिला तुरटपणा गल्लीनं पिऊन टाकला होता.

फेब्रुवारीअखेर हणमंतरावांची द्राक्षं उतरली. पंचशीलानं रस स्टीलच्या टाक्यांत आंबवला, आणि मग प्रश्न आला पिंप ठेवायचं कुठं. मार्चात औशाचं ऊन पत्र्यावर पापड भाजेल असं. तेव्हा व्यंकटीच म्हणाला, की मालक, तुमची विहीर कोरडी पडलीय ती कशाला? चाळीस हात खोल, पायऱ्यांची विहीर. तळाशी भर दुपारी गारवा. विहीर खोदताना माती वर ओढायची यारी लावून रिकामं पिंप खाली सोडलं, तळातल्या दगडी कट्ट्यावर ठेवलं आणि नळीनं वाईन भरली. पंचशीलानं नियम घालून दिले. आधी कंदील खाली सोडायचा, तो विझला नाही तरच माणसानं उतरायचं. दर पंधरा दिवसांनी उरलेली वाईन घालून पिंप वरपर्यंत भरायचं, रितं राहिलं की शिरका झालाच समजा. व्यंकटी दर खेपेला तिच्याबरोबर जायचा. त्याचं तिथं काही काम नसायचं. तो आपला पिंपाभोवती हात फिरवून यायचा.

जून गेला, जुलै गेला, ढग आले तसे गेले. सप्टेंबर सरताना मात्र पावसानं जे बस्तान मांडलं ते सहा दिवस हललं नाही. सातव्या दिवशी सकाळी जीप आली. ड्रायव्हर म्हणाला, विहिरीला पाणी लागलं, लवकर चला.

व्यंकटी आणि पंचशीला पोचले तेव्हा हणमंतराव विहिरीच्या काठावर छत्री न उघडताच उभे होते. झरे फुटले होते, ओढ्याचं पाणीही आत उतरलं होतं, आणि तांबड्या गढूळ पाण्यावर ते पिंप जेमतेम वीतभर डोकं काढून सावकाश गोल फिरत होतं. त्याच्यावर एक बेडूक बसला होता. हणमंतरावांना हसावं का रडावं कळेना. तीन वर्षांनी विहीर भरली होती, आणि दोन वर्षांचा खटाटोप तिच्यात पडला होता. शेवटी ते म्हणाले, की गेली तर गेली वाईन, पाणी तर आलं.

"जाईल कशाला?" व्यंकटी म्हणाला. त्यानं सदरा काढला, कमरेला दोरी बांधली, आणि पंचेचाळिशी उलटलेला हा माणूस पायऱ्यांवरून पाण्यात शिरला. बेडूक आपणहून उतरला. पिंपाला दोन ठिकाणी फास घालून यारीनं ते वर घेतलं. ओल्या मातीत ते टेकलं. पंचशीलानं बूच काढलं, काचेच्या नळीनं थोडी वाईन वर ओढली, उजेडाकडं धरली, वास घेतला, पिशवीतलं मापक आत सोडून आकडा बघितला. तिनं दोनदा बघितला.

"मामा," ती म्हणाली, "एक थेंबसुद्धा आत गेला नाही."

व्यंकटी कुडकुडत पिंपाला टेकून बसला आणि ड्रायव्हरनं दिलेला चहा त्यानं एका दमात संपवला.

डिसेंबरात हणमंतरावांच्या ओसरीवर वाईन उघडली. पंचशीलानं वहीत खरं तेच लिहिलं. द्राक्ष खायच्या जातीचं, थंडी कमी पडली, म्हणून आंबटपणा बुजलेला. पण रंग छान, आणि लाकडाचा वास सुरेख बसला आहे. हणमंतरावांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, अर्धी आली. व्यंकटी पीत नव्हता, त्यानं पेला नाकाजवळ धरून परत ठेवला. धुरपताबाईनं मात्र औषधाच्या चमच्यानं थोडी घेतली, जिभेवर घोळवली आणि सांगितलं, की आंबट हाय, पण रागीट न्हाई. पंचशीलानं तेही वहीत लिहून घेतलं.

त्या वाईनचा पुढं धंदा झाला नाही. दुसऱ्या साली पाऊस बरा झाला, द्राक्षाला बाजार चांगला मिळाला आणि हणमंतराव बागेत गुंतले. पण पंचशीला जिथं जाई तिथं व्यंकटीमामाची गोष्ट सांगे. बारा-पंधरा वर्षांनी नाशिककडं वाईनचे कारखाने निघाले, बाहेरून पिंपं येऊ लागली आणि वाटेत सुकून गळू लागली, तेव्हा कोणीतरी तिला विचारलं आणि तिनं लातूरचा पत्ता दिला. साठी ओलांडलेला व्यंकटी हत्यारांचं पोतं घेऊन वर्षातून दोनदा एसटीनं नाशिकला जाऊ लागला. ते काम सगळंच्या सगळं गोल होतं.

तिथं एकदा त्या थंड मुलखातला एक पिंप करणारा म्हातारा आला. व्यंकटीनं दुरुस्त केलेल्या पिंपाच्या खाचेतून त्यानं अंगठा फिरवला आणि दुभाष्याकरवी विचारलं, की हे कोणाकडं शिकलात. व्यंकटी म्हणाला, गाडीच्या चाकाकडं. दुभाष्यानं सांगितलं, पण म्हाताऱ्याच्या ध्यानात येईना. मग व्यंकटीनं खाली बसून बोटानं धुळीत चाक काढलं, तुंबा, आरे, कडेचे लाकडी पुठ्ठे, भोवती धाव, आणि हातानं जाळ आणि तोंडानं पाण्याचा चर्र आवाज काढून दाखवला. म्हाताऱ्यानं टोपी काढली. तासभर दोघं एकमेकांची हत्यारं उलटीपालटी करून बघत राहिले, दुभाषी कंटाळून जेवायला गेला. निघताना म्हाताऱ्यानं त्याला कडी ठोकायची आपली हातोडी दिली, आणि व्यंकटीनं त्याला लाकूड तासायचा आपला वाकस दिला.

व्यंकटी आता शिरूरला परत गेला आहे. ऐंशीच्या घरात आहे, कान थोडे कमी, नजर शाबूत. पंचशीलाबाई निवृत्त होऊन नांदेडला राहतात, दिवाळीनंतर एकदा येऊन जातात. मागल्या खेपेला त्यांनी विचारलं, की मामा, ती फ्रान्सची हातोडी जपून ठेवली ना. व्यंकटीनं बायकोकडं बघितलं. धुरपताबाई आतून ती घेऊन आली आणि म्हणाली, की जपून म्हंजे काय बाई, रोज वापरते की. नारळ एका घावात फुटतो.